दोन औषधांची जोड आणि चिठ्ठीची कसोटी

राहुरीचे नाव निघाले की महाराष्ट्रातील शेतकऱ्यास प्रथम महात्मा फुले कृषि विद्यापीठ आठवते. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर शिवारफेरीच्या निमित्ताने जाणाऱ्यास एक गोष्ट हटकून दिसते. एकाच मगदुराच्या जमिनीत सारख्या मापाचे लहान लहान वाफे आखलेले असतात आणि प्रत्येक वाफ्याच्या टोकाशी एक पाटी रोवलेली असते. कोणत्या वाफ्यात कोणता वाण पेरावयाचा, कोणत्या वाफ्यास खताची कोणती मात्रा द्यावयाची, हे संशोधकाच्या मर्जीवर सोडलेले नसते. ते चिठ्ठी टाकून ठरते. आपल्या आवडीच्या वाणास चांगली जमीन देण्याचा मोह कोणासही होऊ शकतो. चिठ्ठीला मात्र आवडनिवड नसते.

शेतीतील प्रयोगाची ही रीत आणि कर्करोगावरील नव्या उपचाराची परीक्षा घेण्याची रीत, या दोन्ही एकाच कुळातील आहेत. फुप्फुसाच्या पुढील अवस्थेतील कर्करोगावर एकाहून अधिक औषधांची जोड देऊन उपचार करण्याचे जे प्रयत्न गेल्या काही वर्षांत जगभर झाले, त्यांपैकी एक महत्त्वाची चाचणी आपल्याच राज्यात, मुंबईतील परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, पार पडली. दोन औषधे एकत्र दिली म्हणजे गुण दुप्पट येणार, असे समजणे स्वाभाविक आहे. परंतु हा समज कधी खरा ठरतो, तर कधी घातक. तो खरा की खोटा, हे चिठ्ठीच्या कसोटीवाचून कळत नाही. ही कसोटी कशी लागते आणि तिच्यातून सामान्य रुग्णाच्या पदरात काय पडले, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

रोगाचे स्वरूप

फुप्फुसाचा कर्करोग हा जगात सर्वाधिक बळी घेणारा कर्करोग आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे २४ लाख ८० हजार लोकांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे १८ लाख लोक त्याने दगावले. भारतात त्याच वर्षी ८० हजारांहून अधिक नव्या रुग्णांची भर पडली. तंबाखूचे धूम्रपान हे त्याचे प्रमुख कारण होय. परंतु विडी-सिगारेटला कधीही न शिवलेल्या व्यक्तींना, विशेषतः स्त्रियांना, हा रोग होतच नाही असे मात्र नाही. चुलीचा धूर आणि दूषित हवा यांचाही त्यात वाटा असतो.

या रोगाची खरी अडचण अशी की तो उशिरा उघडकीस येतो. फुप्फुसात बारीक गाठ असताना दुखत नाही, खुपत नाही. पुढे खोकला जडतो, बेडक्यातून रक्त पडते, वजन घटते, धाप लागते. आपल्याकडे ही लक्षणे म्हणजे क्षय, असे समीकरण रूढ आहे आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु क्षयाचे औषध चालू असूनही उतार पडत नाही, तेव्हा अनेक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, निघून गेलेले असतात. परिणामी आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. चौथी अवस्था म्हणजे रोग फुप्फुसाची वेस ओलांडून हाडे, यकृत, मेंदू अशा दूरच्या अवयवांत गेला आहे, असे समजावे. या अवस्थेत शस्त्रक्रियेने रोग समूळ काढून टाकता येत नाही. रुग्णाचे आयुष्य वाढविणे आणि त्या आयुष्यातील त्रास कमी करणे, हे उपचाराचे उद्दिष्ट असते.

लक्ष्यवेधी औषध म्हणजे काय?

पूर्वी अशा रुग्णांना केवळ रसायनोपचार, म्हणजे बोलीभाषेतील 'केमो', दिला जात असे. शिरेवाटे दिली जाणारी ही औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाची पेशी वेगाने वाढते, पण अस्थिमज्जेतील, केसांच्या मुळांतील आणि आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशीही वेगाने वाढत असतात. त्यामुळे वाळल्याबरोबर ओलेही जळते.

शास्त्रज्ञांच्या ध्यानात पुढे असे आले की काही रुग्णांच्या गाठीत पेशीच्या वाढीची एक विशिष्ट कळ बिघडलेली असते. पेशीच्या पृष्ठभागावर 'ई.जी.एफ.आर.' या नावाने ओळखले जाणारे एक प्रथिन असते. वाढीचा निरोप बाहेरून आला म्हणजे ते जागे होते, तो निरोप पेशीच्या आत पोचविते आणि काम संपताच पुन्हा स्वस्थ बसते. या प्रथिनाच्या जनुकात बदल झाला, तर मात्र ते निरोपाची वाट न पाहता अखंड जागे राहते. मुळा धरणाच्या कालव्यावरील एखाद्या चारीचे दार उघडेच अडकून बसावे आणि पाळी नसताना शेतात पाणी शिरत राहावे, तसा हा प्रकार होय. जेफिटिनिब हे औषध नेमक्या या उघड्या दाराशी जाऊन बसते आणि ते बंद करते. म्हणून अशा औषधास लक्ष्यवेधी औषध म्हणतात. ते गोळीच्या रूपात रोज एकदा घरीच घेता येते.

हा जनुकबदल सर्व रुग्णांत नसतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या संशोधकांनी भारतीय रुग्णांच्या ९०७ गाठींची तपासणी करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात ग्रंथिल प्रकारच्या फुप्फुस-कर्करोगाच्या सुमारे २३ टक्के रुग्णांत, म्हणजे साधारणपणे चारांतील एकात, हा बदल आढळला. धूम्रपान न करणाऱ्यांत आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते.

लक्ष्य नसताना बाण मारला तर काय होते, याचे उत्तर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पूर्व आशियातील एका मोठ्या चाचणीने दिले. तीत १,२१७ रुग्ण होते. ज्यांच्या गाठीत जनुकबदल होता, त्यांचा रोग जेफिटिनिबने मध्यमानाने साडेनऊ महिने आवरून धरला. रसायनोपचाराने तो सुमारे सव्वासहा महिनेच आवरला गेला. ज्यांच्या गाठीत हा बदल नव्हता, त्यांच्या बाबतीत चित्र नेमके उलट झाले. रसायनोपचाराने साडेपाच महिने, तर जेफिटिनिबने केवळ दीड महिना! एकच गोळी एका रुग्णास तारक, तर त्याच रोगाच्या दुसऱ्या रुग्णाचा मोलाचा काळ वाया घालविणारी ठरली. म्हणूनच गाठीचा तुकडा काढून त्याची जनुकीय तपासणी होण्यापूर्वी लक्ष्यवेधी औषधाचा आग्रह धरणे योग्य नव्हे.

एकट्या औषधाची मर्यादा

योग्य रुग्णाला योग्य गोळी मिळाली म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत आश्चर्य वाटावे असा उतार पडतो. धाप कमी होते, भूक लागते, रुग्ण शेतावर फेरफटका मारू लागतो. परंतु हा उतार कायमचा नसतो. बहुतेक रुग्णांत काही महिन्यांनी रोग पुन्हा डोके वर काढतो. कारण गाठीतील अब्जावधी पेशी एकसारख्या नसतात. त्यांतील काही थोड्या पेशींवर औषधाचा परिणाम होत नाही. त्याच मागे उरतात, वाढतात आणि अखेरीस सगळी गाठ त्यांचीच होते. काही पेशी दारातच असा बदल घडवितात की औषध तेथे नीट बसू शकत नाही. काही पेशी दुसऱ्याच चारीने पाणी घेऊ लागतात.

एकच कीटकनाशक पुनःपुन्हा फवारले की कीड त्यास दाद देईनाशी होते, हा शेतकऱ्याचा नित्याचा अनुभव आहे. वैद्यकशास्त्रास हाच धडा क्षयाने दिला. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील पहिले प्रभावी औषध एकटे दिले असता प्रारंभी गुण येई आणि पुढे रोगजंतू त्यास जुमानीत नसत. १९५० च्या सुमारास त्याच्या जोडीला पी.ए.एस. हे दुसरे औषध देण्यात आले, तेव्हा जंतूंचा हा प्रतिकार पुष्कळच कमी झाला. क्षयावर एका वेळी अनेक औषधे देण्याची आजची पद्धत त्यातूनच आली. कर्करोगावरील औषधांची जोड लावण्यामागेही हाच विचार आहे. जी पेशी एका औषधातून निसटेल, ती दुसऱ्याच्या तडाख्यात सापडावी.

जोड दिली म्हणजे गुण येतोच असे नाही

विचार कितीही पटणारा असला तरी तो सिद्ध व्हावा लागतो. कपाशीचे उदाहरण ताजे आहे. बोंडअळीस एका जनुकाऐवजी दोन जनुकांनी आवर घालता येईल, या अपेक्षेने दोन जनुकांचे बीटी वाण आले. तरीही २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे किती नुकसान केले, हे शेतकऱ्यांच्या स्मरणात आहे.

फुप्फुसाच्या कर्करोगातही जोडीचा पहिला मोठा प्रयत्न असाच फसला. रसायनोपचारास जेफिटिनिबची जोड देऊन पाहणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मिळून दोन हजारांहून अधिक रुग्ण होते. जोड मिळालेले रुग्ण इतरांपेक्षा अधिक काळ जगले नाहीत. कारण त्या वेळी जनुकबदलाची तपासणी करून रुग्ण निवडण्याची रीत नव्हती. तो बदल आणि जेफिटिनिबचा गुण यांचा संबंध त्याच वर्षी प्रथम उजेडात आला. औषधे तीच होती, परंतु शेत पाहून बी पेरलेले नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. ओसिमर्टिनिब या नव्या लक्ष्यवेधी गोळीस, शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या डुर्व्हालुमॅब या औषधाची जोड देऊन पाहण्यात आली. दोन्ही औषधे स्वतंत्रपणे उपयुक्त आहेत. परंतु एकत्र देताच फुप्फुसास सूज येण्याचे प्रमाण इतके वाढले की या जोडीच्या पुढील चाचणीतील रुग्णभरती थांबवावी लागली. दोन चांगल्या वस्तूंची बेरीज चांगलीच होते, असा नियम वैद्यकशास्त्रात नाही.

वाफ्यातून रुग्णालयात आलेली चिठ्ठी

मग विश्वास कशावर ठेवावयाचा? येथेच शेताच्या वाफ्यातील चिठ्ठी रुग्णालयात येते. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषि संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात प्रयोगांत चिठ्ठीचे तत्त्व शास्त्रशुद्धपणे मांडले. आपल्या देशात ते रुजविण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे यांनी मिळून लिहिलेला कृषि संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. कृषि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या.

वैद्यकशास्त्रात हे तत्त्व ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने रूढ केले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १०७ क्षयरुग्ण होते आणि कोणास औषध द्यावयाचे ते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखून दिलेल्या पद्धतीने दैवावर सोपविले होते. भारतही यात मागे राहिला नाही. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या क्षय-औषधोपचार केंद्राने गरीब वस्तीतील रुग्णांत चिठ्ठीनेच दोन गट पाडून दाखवून दिले की योग्य औषधे मिळाली तर घरी राहणारा क्षयरुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो. आरोग्यधामावाचून गत्यंतर नाही, हा जगाचा समज १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या भारतीय चाचणीने बदलला.

चिठ्ठीचे महत्त्व कशात आहे? समजा, डॉक्टरांनी आपल्या मनाने धडधाकट रुग्णांना जोड-उपचार दिला आणि अशक्त रुग्णांना एकटी गोळी दिली. पहिला गट अधिक जगला, तर ते श्रेय औषधाचे की मूळच्या प्रकृतीचे, हे कोण सांगणार? चिठ्ठीने वाटणी केली म्हणजे वय, प्रकृती, रोगाचा पसारा, एवढेच नव्हे तर आपणास माहीत नसलेल्या गोष्टीही दोन्ही गटांत साधारण सारख्या विभागल्या जातात. मग जो फरक उरतो तो उपचाराचा, असे म्हणता येते.

परळची चाचणी

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाच्या कक्षेत आहे. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ ते २०१८ या काळात येथे एक चाचणी घेतली. प्रश्न सरळ होता. ज्यांच्या गाठीत ई.जी.एफ.आर.चा जनुकबदल आढळला आहे अशा पुढील अवस्थेतील रुग्णांना एकटे जेफिटिनिब द्यावे, की त्याच्या जोडीला आरंभापासूनच रसायनोपचारही द्यावा?

एकूण ३५० रुग्णांची चिठ्ठीने विभागणी झाली. १७६ रुग्णांना केवळ जेफिटिनिबची रोजची गोळी मिळाली. १७४ रुग्णांना तीच गोळी आणि शिवाय दर तीन आठवड्यांनी शिरेवाटे पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही औषधे मिळाली. चार आवर्तनांनंतर कार्बोप्लॅटिन थांबवून पेमेट्रेक्सेड पुढे चालू ठेवण्यात आले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही चिठ्ठी औषध आणि निव्वळ पाणी यांच्यात नव्हती. एकट्या गोळीचा गट म्हणजे त्या काळी प्रस्थापित असलेला चांगला उपचार मिळणारा गट होता. तसेच केवळ निवडक धडधाकट रुग्णच घेतले गेले, असेही नाही. दिवसाचा बराच काळ अंथरुणावर काढावा लागणारे आणि मेंदूत रोग पोहोचलेले रुग्णही त्यांत होते. सरकारी रुग्णालयात जसे रुग्ण येतात, तसेच ते होते.

निष्कर्ष २०१९ साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत मांडले गेले आणि नंतर शास्त्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. एकट्या गोळीने रोग मध्यमानाने ८ महिने थोपविला गेला. जोड-उपचाराने १६ महिने. मध्यमान म्हणजे येथे सरासरी नव्हे. सर्व रुग्णांना कालावधीनुसार क्रमाने उभे केले असता जो बरोबर मधोमध येतो, त्याचा कालावधी म्हणजे हे मध्यमान. निम्म्या रुग्णांना त्याहून अधिक काळ मिळतो, निम्म्यांना कमी. एकूण आयुष्याच्या बाबतीत एकट्या गोळीच्या गटाचे मध्यमान १७ महिने आले. जोड-उपचाराच्या गटाचे मध्यमान त्या वेळी काढताच आले नाही, कारण हिशेब मांडतेवेळी त्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्ण हयात होते. जपानमध्ये ३४५ रुग्णांवर झालेल्या अशाच चाचणीचा कौलही याच दिशेने होता.

या लाभाची किंमतही मोजावी लागली. तीव्र स्वरूपाचे दुष्परिणाम एकट्या गोळीच्या गटात २५ टक्के रुग्णांत, तर जोड-उपचाराच्या गटात ५१ टक्के रुग्णांत दिसले. रक्तातील पेशी कमी होणे, थकवा, उलट्या, मूत्रपिंडावर ताण अशा तक्रारींसाठी वारंवार तपासणी करावी लागते. पेमेट्रेक्सेड चालू असताना फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व नियमाने द्यावे लागते. शिवाय घरी घ्यावयाच्या गोळीऐवजी दर तीन आठवड्यांनी रुग्णालयाची वारी पत्करावी लागते.

असे असूनही या चाचणीचे मोल आपल्या दृष्टीने विशेष आहे. तीत वापरलेली तिन्ही औषधे भारतीय कंपन्या बनवितात. केवळ सधनांना परवडणाऱ्या एखाद्या नव्या औषधाची ही जाहिरात नव्हती. हाताशी असलेल्या औषधांचा अधिक चांगला उपयोग कसा करता येईल, या आपल्याच प्रश्नाचे ते उत्तर होते.

दोन लक्ष्यवेधी औषधांची जोड

परळच्या चाचणीत लक्ष्यवेधी गोळी आणि रसायनोपचार यांची जोड होती. जगात अन्यत्र दोन लक्ष्यवेधी औषधांचीही जोड लावून पाहण्यात आली. काही थोड्या रुग्णांच्या गाठीत 'ब्राफ' नावाच्या जनुकात बदल असतो. त्यांच्यासाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या दोन गोळ्या एकत्र दिल्या जातात. वाढीचा निरोप ज्या साखळीने पेशीच्या गाभ्यापर्यंत जातो, तिची लागोपाठची दोन कडी या गोळ्या बंद करतात. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या जोडीस मान्यता दिली.

ई.जी.एफ.आर.च्या बदलासाठी अमिव्हँटामॅब हे शिरेवाटे द्यावयाचे प्रतिपिंड आणि लाझर्टिनिब ही गोळी यांची जोड १,०७४ रुग्णांच्या चाचणीत पारखली गेली. अमिव्हँटामॅब पेशीबाहेरून एकाच वेळी दोन दारांवर पहारा बसविते, तर गोळी आतून काम करते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या जोडीने रोग मध्यमानाने २३.७ महिने थोपविला. एकट्या ओसिमर्टिनिबने १६.६ महिने. तीव्र दुष्परिणाम मात्र जोडीत ७५ टक्के, तर एकट्या गोळीत ४३ टक्के होते. २०२५ साली या जोडीने आयुष्यही वाढते, असे सिद्ध झाले. ओसिमर्टिनिब आणि रसायनोपचार यांच्या जोडीची ५५७ रुग्णांची आणखी एक चाचणी झाली. २०२५ साली जाहीर झालेल्या तिच्या अंतिम निष्कर्षांनुसार आयुष्याचे मध्यमान जोडीने ४७.५ महिने, तर एकट्या ओसिमर्टिनिबने ३७.६ महिने आले. परळच्या चाचणीतील तत्त्व नव्या गोळीच्या बाबतीतही खरे ठरले.

ही नवी औषधे महाग आहेत. केंद्र शासनाने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ज्या तीन कर्करोग-औषधांवरील सीमाशुल्क माफ केले, त्यांत ओसिमर्टिनिबचा समावेश होता. तरीही सर्व रुग्णांपर्यंत ही औषधे पोहोचण्यास बराच पल्ला गाठावयाचा आहे.

चाचणीतील रुग्णाचे अधिकार

'चाचणी' हा शब्द ऐकताच अनेक कुटुंबे धास्तावतात. आपल्या माणसावर प्रयोग होणार, ही भावना त्यामागे असते. या भीतीस उत्तर म्हणून नियमांची माहिती हवी. आपल्या देशात रुग्णांवरील औषध-चाचण्या २०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार चालतात. चाचणी सुरू करण्यापूर्वी नीतिमत्ता समितीची संमती लागते आणि चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि ती कोणासही पाहता येते. रुग्णास समजेल अशा भाषेत सर्व माहिती देऊन त्याची लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. संमती देणे न देणे ही रुग्णाची मर्जी असते. दिलेली संमती तो कारण न सांगता केव्हाही परत घेऊ शकतो आणि तेवढ्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबविता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाल्यास वैद्यकीय उपचार आणि भरपाई यांची तरतूद आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर तज्ज्ञांनाही खरोखर ठाऊक नाही, त्याच प्रश्नासाठी चिठ्ठी टाकता येते. एक उपचार अधिक चांगला हे आधीच सिद्ध झाले असेल, तर तो नाकारण्यासाठी चिठ्ठीचा आधार घेता येत नाही.

राहुरीच्या रुग्णासाठी

या सर्व माहितीचा राहुरी तालुक्यातील एखाद्या कुटुंबास व्यवहारात काय उपयोग? पहिली गोष्ट वेळेची. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात वा ग्रामीण रुग्णालयात जाऊन बेडक्याची तपासणी करून घ्यावी. क्षय नाही असे ठरले, किंवा क्षयाचे उपचार चालू असूनही प्रकृती उतरणीस लागली, तर तेवढ्यावर थांबू नये. छातीची पुढील तपासणी आणि आवश्यक तर गाठीची तुकडा-तपासणी यांसाठी मोठ्या रुग्णालयात जावे. शेजारच्या लोणी येथे प्रवरा वैद्यकीय संस्थेचे रुग्णालय आहे. देशातील कर्करोग रुग्णालयांचे २०१२ साली उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग जाळे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उपचारांची पद्धत सर्वत्र एकसारखी व्हावी यासाठी काम करीत आहे.

दुसरी गोष्ट, तुकडा-तपासणीची भीती मनातून काढून टाकावी. सुई लावल्याने रोग पसरतो, हा गैरसमज आहे. त्या तुकड्यावाचून जनुकबदल कळत नाही आणि जनुकबदल कळल्यावाचून गोळी लागू पडेल की नाही, हे सांगता येत नाही.

तिसरी आणि अत्यंत महत्त्वाची गोष्ट, स्वतःच्या मनाने औषधांची जोड लावू नये. औषधे एकमेकांच्या कामात आड येतात. पित्त कमी करणाऱ्या काही गोळ्यांमुळे जेफिटिनिब शरीरात नीट शोषले जात नाही. क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे तर त्याचे रक्तातील प्रमाण फारच घटते. ज्या रुग्णाने प्रथम क्षयाचे औषध घेतले आहे, त्याच्या बाबतीत ही गोष्ट दृष्टिआड होता कामा नये. म्हणून पूर्वीचे सर्व कागद, चालू असलेली सर्व औषधे, घरगुती काढे आणि वैदूची पुडीसुद्धा, डॉक्टरांपुढे ठेवावीत.

जोड-उपचार सुचविला गेल्यास घरच्यांनी डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत: जनुकबदलाची तपासणी झाली आहे काय? एकट्या गोळीपेक्षा जोडीने किती लाभ अपेक्षित आहे? कोणता त्रास होईल आणि तो झाल्यास रात्री-अपरात्री कोठे जावयाचे? दर तीन आठवड्यांची वारी आणि खर्च आपल्याला झेपेल काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. आपल्या उपचारातील कोणता भाग योजनेत बसतो, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आरंभीच समजून घ्यावे. अतिशय अशक्त रुग्णासाठी एकटी गोळीच अधिक हिताची, असा निर्णय डॉक्टर आणि कुटुंब यांनी मिळून घेतला, तर त्यातही काही उणे नाही. मध्यमान हे शेकडो रुग्णांचे असते. निर्णय मात्र एका माणसाचा असतो.

औषधांच्या या जोडीने चौथ्या अवस्थेतील रोग समूळ बरा होतो, असा दावा कोणताही जबाबदार डॉक्टर करीत नाही. परंतु आठ महिन्यांचे सोळा महिने होणे ही सामान्य घरात लहान गोष्ट नव्हे. तेवढ्या अवधीत उसाचा एक हंगाम पदरात पडतो, मुलीचे लग्न डोळ्यांदेखत होते, नातवाची पहिली पावले पाहावयास मिळतात. हा अवधी मिळवून देणारे ज्ञान त्या ३५० रुग्णांनी आपली नावे चिठ्ठीत घालू दिली म्हणून हाती आले. कृषि विद्यापीठाच्या वाफ्यात सिद्ध झालेला वाण ज्या विश्वासाने शेतकरी आपल्या रानात पेरतो, त्याच विश्वासाने या ज्ञानाचा उपयोग करून घेणे आणि त्यासाठी वेळेवर रुग्णालयाची पायरी चढणे, हे आता आपल्या हाती आहे.